तिसऱ्या मजल्यावरचे नाखवा

आमच्या सोसायटीत त्यांना 'नाखवा' हे नाव कोणी ठेवलं, ते आता कोणीच कबूल करत नाही. या गृहस्थांचा दर्याशी प्रत्यक्ष संबंध एकदाच आला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचमध्ये ते अर्ध्या वाटेतच आडवे झाले, आणि तेव्हापासून अलिबागला जायचं तर वडखळवरून, एसटीने. पण डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल समुद्र बाळगणारा दुसरा माणूस निदान आम्हाला तरी ठाऊक नाही. खाडी आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ओहोटीला तिचा वास आम्हा सगळ्यांना फुकट मिळतो. नाखवा मात्र समुद्र विकत आणतात, पांढऱ्या पावडरीच्या रूपात, बादलीतून. लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे ४०० लिटरला १४ किलो. शिवाय दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, त्याचा खर्च निराळा. तो आकडा वहिनींना सांगतात एक आणि वहीत असतो दुसरा.

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यांचा हॉल माझ्या हॉलवर येतो. पाणी, खडक, वाळू, काच आणि लोखंडी स्टँड मिळून अर्ध्या टनाच्या पुढे जाणारा त्यांचा छंद माझ्या पंख्याच्या बरोबर वर उभा आहे. त्यामुळे या विषयात मी जे काही वाचलं-विचारलं, त्याला निव्वळ जिज्ञासा म्हणता येणार नाही.

नाखवा बँकेत होते, इन्स्पेक्शनला. गोदामात साखरेची पोती तारण असली तर हा माणूस थप्पीवर चढायचा, कारण बाहेरून भरलेली दिसणारी थप्पी आतून पोकळ असते हे त्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच एका ठिकाणी पकडलं होतं. म्हशीचं कर्ज असेल तर गोठ्यात जाऊन म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर स्वतः वाचायचे. म्हैस चरायला गेलीय म्हटलं तर ती परत येईपर्यंत बाजेवर बसून राहायचे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही, या एका तत्त्वावर त्यांनी सगळी नोकरी काढली आणि कित्येक शाखाधिकाऱ्यांची झोप उडवली.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर मासे पाळले, आणि तेही न दिसणारे.

हे मुद्दाम ठरवून झालं नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांचा प्रकारच वेगळा. प्रवाळखडकांत राहणारे कित्येक मासे जन्मभर एखाद्या भोकाच्या आसपास घुटमळतात. बाहेर दर वळणावर त्यांना खाणारा कोणीतरी बसलेला असतो, तेव्हा लाजरेपणा हीच तिथली शहाणी वागणूक. दुकानात काचेच्या रिकाम्या पेटीत लपायला जागा नसते म्हणून ते दिसतात. घरी आणून खडकांत सोडले की त्यांचा आणि आपला संबंध संपतो. नाखवांनी तर खडक रचले होते हौसेने, गुहा, बोगदे, दुमजली कपारी असे. सगळे सिरॅमिकचे, बिलं फाइलला. प्रवाळ आणि समुद्रघोडा हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून दोन्हींपैकी काही घरात आणायचं नाही, असं त्यांनी दुकानदारालाच पहिल्या दिवशी बजावलं. आधी नुसतं पाणी पाच-सहा आठवडे फिरत ठेवलं, कारण माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू खडकांत वस्तीला यावे लागतात. तेवढे दिवस आम्ही सगळे जाऊन रिकामी टाकी बघून आलो आणि 'छान आहे' म्हणालो. मग मासे आले. दृश्यात काही फरक पडला नाही.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि मत्स्यालय या गोष्टीबद्दलची आपल्याकडची अपेक्षा तिथेच कायमची ठरून गेली. तिकीट काढलं की मासा समोरून गेला पाहिजे. नाखवांकडे येणारा पाहुणाही हीच अपेक्षा घेऊन येतो. त्याला आधी पंखा बंद करून बसवतात, कारण पात्यांची सावली काचेवर हलते. मोबाइल सायलेंटवर. पांढरा शर्ट असेल तर मागे, दिवाणावर. मग नाखवा पडद्याची दांडी हातात घेऊन कुजबुजतात.

"तो डावीकडचा दगड. त्याच्याखाली फट दिसते?"

"हो."

"फटीत काळं दिसतंय?"

"हो, हो! दिसलं!"

"तो काळोख. त्या काळोखाच्या मागे कॉमेट आहे."

हा कॉमेट म्हणजे नाखवांच्या संग्रहातला मुकुटमणी. वीतभर लांबीचा होतो. काळपट तपकिरी अंगावर बारीक पांढरे ठिपके, परांचा मोठा घेर, आणि पाठीवरचा पर जिथे संपतो तिथे, शेपटीच्या अलीकडे, फिकट कडेचा एक काळा डोळा. खरा डोळा पुढे, तोंडापाशी असतो, ठिपक्यांत हरवलेला. हा नुसता रंगवलेला. भीती वाटली की कॉमेट डोकं कपारीत खुपसतो आणि मागची बाजू बाहेर ठेवून पर पसरतो. मग तो खोटा डोळा, ठिपके आणि परांमधली फट मिळून अगदी मोरे ईलचं डोकं वाटतं, तोंड वासलेलं. दात असलेल्या ईलच्या नादी कोण लागणार? थोडक्यात, हा समोरच्याला पाठ दाखवतो आणि ती पाठच तोंड म्हणून पुढे करतो. आमच्या ओळखीत हे जमणारी माणसं आहेत, पण इतकी देखणी एकही नाही.

नाखवांना आजवर दिसली ती हीच बाजू. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा मजल्यावरच्या वजनाबद्दल तंबी द्यायला आले, त्यांनाही तीच दिसली. ते पाच मिनिटं त्या डोळ्याला डोळा भिडवून बसले आणि म्हणाले, "काय नजर आहे हो!" त्यांनी ज्याला नजर म्हटलं ती कोणती बाजू होती, हे सांगायची माझी तयारी झाली होती. नाखवांनी हातानेच मला थांबवलं. वजनाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

वहीत मात्र लबाडी नाही. बँकेतली जुनी, लाल कापडी पाठीची वही आहे. तारीख, वेळ, तापमान, क्षारता आणि शेवटचा रकाना 'दर्शन'. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. नाखवा टाकीतल्या पाण्याचा एक थेंब त्याच्या काचेवर सोडतात, झाकण दाबून बुडबुडा काढतात, नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटतात आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा कोणत्या रेघेवर पडली ते वाचतात. १.०२५ आली की चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्याचं समाधान. पाणी उडून जातं, मीठ जात नाही, म्हणून रोज वरून गोडं पाणीच घालायचं, आणि तेही आरओमधून काढलेलं. आरओने नाकारलेल्या पाण्याने वहिनी लादी पुसतात. तापमान २६. डोंबिवलीच्या मे महिन्यात ते राखायला चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढून हॉलमध्ये सोडतो, त्यामुळे मासे गारव्यात आणि माणसं पंचा लावून. लाइट गेली की इन्व्हर्टर आधी पंपाला. रकानाभर आकडे असे सुरेख जुळलेले, आणि शेवटी दर्शन: 'नाही', 'नाही', 'अंशतः', 'नाही'.

दुसरी मालमत्ता ऐकायची आहे. वाळूखाली एक पिस्तुल कोळंबी राहते. बोटाएवढा जीव, त्यातली एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना 'टक्' असा कडक आवाज येतो. पहिल्यांदा आला तो रात्री साडेअकराला. नाखवांनी टाकीच्या चारही काचांवरून हात फिरवला आणि बनियनवरच खाली येऊन माझी बेल वाजवली.

"तुमच्याकडे ठिबकतंय का?"

त्या रात्री मी पलंग सरकवला, तो अजून तिथेच आहे.

या कोळंबीची नजर जेमतेम. म्हणून ती एका गोबी माशाबरोबर भागीदारीत राहते. ती दिवसभर बीळ उकरते, वाळू ढकलून बाहेर टाकते, आणि गोबी दाराशी पहारा करतो. कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. वॉचमन एवढा जागरूक आणि नाखवांचा चेहरा काचेला एवढा जवळ, त्यामुळे धोका कायमच असतो. हल्ली पाहुण्यांना नाखवा सांगतात, "थांबा, वाजेल." आणि सहा-सात प्रौढ माणसं गार झालेल्या चहासमोर एका टकची वाट बघत बसतात. वाजला की टाळ्या वाजवायच्या नाहीत.

पिवळा रॅस हा तिसरा. हा मासा रात्री झोपायला वाळूत शिरतो, आणि नव्या घरात आला की घाबरून कित्येक दिवस वाळूतच राहतो. या छंदातले लोक सांगतात, की सुरुवातीला तो आपल्या मूळ समुद्राच्या घड्याळावर चालतो. "अजून इंडोनेशियाच्या टायमावर आहे," नाखवा सगळ्यांना सांगायचे. होता होता तो डोंबिवलीच्या टायमावर आला खरा, पण झोपतो सहाला आणि पाहुणे येतात सातला.

फायरफिश नावाचा एक होता. दचकला की हा बिळात तरी जातो किंवा वर उडी तरी मारतो. त्या वेळी घरात कोणीतरी कुकरची शिट्टी होऊ दिली. चार दिवसांनी सोफा सरकवताना सापडला. वहीत 'राइट ऑफ' असं लिहून नाखवांनी सही केली, आणि त्या दिवसापासून समुद्रावर मच्छरदाणी आहे.

भित्र्या माशांना धीर यावा म्हणून टाकीत काही निर्धास्त मासे सोडतात. ते उघड्यावर हिंडताना दिसले की बाकीच्यांना कळतं, वर कोणी शिकारी नाही. नाखवांनी त्यासाठी क्रोमिस आणले, हिरवट निळे, चटपटीत, सदा समोर. आता पाहुणे त्यांचीच तारीफ करतात. "किती सुंदर मासे!" म्हटलं की नाखवांचा चेहरा पडतो. "ते काही नाही हो, ते कर्मचारी आहेत." लहान मुलं आली तर आणखी पंचाईत. २००३ च्या त्या सिनेमापासून कुठलंही मूल खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली की एकच विचारतं, निमो कुठाय. निमो, म्हणजे क्लाउनफिश, नाखवांना मनापासून आवडत नाही. पुढे पुढे करतो म्हणून. तळमजल्यावरच्या पाच वर्षांच्या मुलीला त्यांनी समजावून सांगितलं, की हे मासे आधी सगळे नर असतात आणि गटातली मोठी मादी मेली की तिचा नरच मादी होतो, तेव्हा शास्त्राप्रमाणे निमोची आई गेल्यावर निमोच्या बाबांनी काय व्हायला हवं होतं? मुलीला हे फार आवडलं. तिची आई अजून जिन्यात भेटली तर मान फिरवते.

गणपतीचे दिवस सर्वांत कठीण. नाखवांकडे दीड दिवसाचा असतो, आणि मखर टाकीपासून सहा हातांवर. झांजा बंद. टाळ्या दोन बोटांनी. आरती ओठांतल्या ओठांत, घरात कोणी आजारी असल्यासारखी. मंत्रपुष्पांजलीला आवाज चढायचाच, तिथे नाखवा एका हाताने अक्षता आणि दुसऱ्या हाताने 'हळू' अशी खूण करत असतात. गुरुजींनी पुढच्या वर्षीची दक्षिणा आताच वाढवून सांगितली आहे.

माणसांची सवय लावावी, ही कल्पना त्यांना टोकियोवरून सुचली. तिथल्या सुमिदा मत्स्यालयात सुमारे ३०० गार्डन ईल आहेत. वाळूतून अर्धं अंग वर काढून डोलणारे, आणि हलकी चाहूल लागली की आत जाणारे. २०२० च्या टाळेबंदीत मत्स्यालय बंद पडलं, प्रेक्षक यायचे थांबले, आणि ईल माणूस विसरले. त्यांना सांभाळणारे कर्मचारी जवळून गेले तरी वाळूत गडप. मग मत्स्यालयाने टाकीसमोर टॅबलेट मांडले आणि मे महिन्यात तीन दिवस लोकांना आवाहन केलं, की व्हिडिओ कॉल करा, ईलना तोंड दाखवा, हात हलवा, पण मोठ्याने बोलू नका. हे वाचल्यावर नाखवांनी नातेवाईकांचे वारच वाटून दिले. सोमवारी नागपूरची मेहुणी, बुधवारी पुण्याचे साडू, शनिवारी न्यू जर्सीचा पुतण्या. काचेसमोर स्टँडला मोबाइल. पुतण्याच्या घरी तेव्हा सकाळचे सात. तो बिचारा दाढी करत करत एका सिरॅमिकच्या दगडाकडे बघून हसतो आणि हात हलवतो. त्याच्या बायकोला वाटलं काकांशी बोलतोय. एकदा तिने येऊन नमस्कार केला. दगडाने प्रतिसाद दिला नाही.

मग लाल दिव्याचं प्रकरण. पाण्यात तांबडा रंग सगळ्यांत आधी विरतो, थोडं खोल गेलं की उरतो तो निळा, त्यामुळे यातल्या बऱ्याच माशांना तांबडा उजेड नीट जाणवत नाही. तेव्हा रात्री लाल बॅटरीने पाहावं, असं जाणकार सांगतात. नाखवांनी मखरातला लाल जिलेटिन कागद टॉर्चला रबरबँडने लावला आणि रात्री दोनला टाकीसमोर मांडी घातली. अंगावर काळी शाल, शर्ट चमकू नये म्हणून. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी ते पाहिलं. दोन दिवसांत भाजीबाजारापर्यंत बातमी गेली, की बँकेतून रिटायर झालेले ते गृहस्थ रात्री लाल उजेडात काहीतरी करतात आणि त्यात पाणी असतं. तिसऱ्या दिवशी एक माणूस नाखवांकडे आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, मुलाच्या नोकरीचं काही होईल का. नाखवांनी त्याला बसवून क्षारता समजावली. मुलगा पुढच्या महिन्यात नोकरीला लागला. आता नाखवांची पंचाईत झाली आहे, कारण तो माणूस आणखी दोघांना घेऊन आला.

कॉमेट त्या रात्रीही फटीतच होता.

नाखवांच्या आई घरात असतात. पंच्याऐंशीच्या पुढच्या. मी एकदा दुपारी टाकीखालचा माझा ओला डाग दाखवायला वर गेलो (डाग बाथरूमचा निघाला), तेव्हा आजी टाकीशेजारी स्टुलावर मेथी निवडत होत्या. नाखवा आत झोपलेले. दुपारी बिल वाचवायला टाकीचे दिवे बंद असतात, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. मी सहज म्हणालो, "आजी, कॉमेट दिसतो का हो कधी?"

"तो ठिपक्यांचा ना? हा काय आत्ताच गेला. रोज असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. ह्यांची शतपावली असायची तशी."

झोपेतून नाखवा ताडकन बाहेर आले. मग जी चौकशी झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. किती वाजता? कोणत्या बाजूने? पर मिटलेले की पसरलेले? आजी म्हणाल्या, "मी काय त्याची पत्रिका मांडत बसले होते? मासा आहे, फिरतो."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली की तो जातो."

खरं तर यात गूढ काही नाही. काचेला नाक लावून डोळे रोखणारा चेहरा माशाच्या हिशेबी शिकारी. शेजारी बसून आपल्या कामात असलेला, हळू हलणारा, त्याच्याकडे न बघणारा प्राणी तेवढा सोयीचा. नाखवांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी तेही मेथीची जुडी घेऊन स्टुलावर बसले. पण हात मेथीत आणि नजर चोरून फटीकडे. त्या रात्री सगळ्यांच्या भाजीत मुळं आली, आणि वहीत 'नाही'. आईची साक्ष त्यांनी नोंदवली नाही. जवळच्या नातेवाइकाची साक्ष ग्राह्य धरायची नाही, हा इन्स्पेक्शनचा नियम.

गेल्या महिन्यात सिलिंडरवाला आला. भरलेला ओट्याखाली सरकवला, रिकामा खांद्यावर घेतला आणि जाता जाता म्हणाला, "काका, तुमचा तो काळा ठिपकेवाला लई जाडा झालाय. मागच्या खेपेला एवढा नव्हता."

नाखवांनी त्याच्या खांद्यावरून सिलिंडर उतरवून घेतला. खुर्ची दिली, पंखा लावला, चहा सांगितला. पुढचा अर्धा तास जबाब चालला. तोंडाकडून दिसला की शेपटीकडून, या प्रश्नावर तो माणूस गोंधळला आणि म्हणाला, "पोट दिसलं की हो, म्हणजे मधूनच दिसला असणार." 'दर्शन'च्या रकान्यात नाखवांनी लाल शाईने 'त्रयस्थ पडताळणी: होकारार्थी' असं लिहिलं आणि त्याच्याकडून सही करून घेतली. खाली इमारतीतले बाकीचे लोक सिलिंडरसाठी टेम्पोभोवती खोळंबले होते.

परवा आजी जिन्यात भेटल्या. मी विचारलं, नाखवा काय म्हणतात. आजींनी पदर कपाळाला लावला.

"त्याला काय झालंय कोण जाणे. गीझर चांगला चालू असताना आंघोळीचं पाणी गॅसवर तापवतो. वरण तीनदा उकळतो. म्हणतो, आई, सिलिंडर लवकर संपला पाहिजे."